सोलापुरात आपल्या हातानं, कमी खर्चात लग्न : ३०० पानांचा हिशोब

सात_रस्ता
नमस्कार मंडळी. लग्न एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सोलापुरातच. ३०० पानं, म्हणजे ३०० माणसांचं दुपारचं जेवण, अक्षता बाराच्या आत. मंगल कार्यालयाचं पॅकेज घ्यायचं नाही. समाजमंदिर मिळतंय, बाकी सगळं आपलं आपण. सोनं आणि बस्ता सोडून दोन लाखांत बसवायचं आहे. पै-पाहुण्यांत हात भरपूर आहेत, पण कुठली कामं घरच्यांनी घ्यावीत आणि कुठं पैसे टाकून मोकळं व्हावं, हे ठरत नाहीये. जेवण, पाणी, सजावट, मानपान, कागदपत्रं, ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहा. भाव नकोत, ते रोज बदलतात. वजनं आणि मापं हवीत.

होटगीरोड
मालक, आधी एक रेघ आखून घ्या. आदल्या रात्री दहापर्यंत संपणारं काम घरच्यांचं, त्यानंतरचं प्रत्येक काम पैसे देऊन. पत्रिका, तोरणं, पडदे, आहेराची बांधणी, धान्य निवडणं हे सगळं घरी. आचारी, वाढपी, भांडी घासणाऱ्या बाया आणि लाइटवाला बाहेरचेच. "आपली पोरं वाढतील की" असं प्रत्येक घरात म्हणतात. पण पोरं परण्यात (नवरदेवाच्या मारुतीला जाणाऱ्या मिरवणुकीत) हलगीपुढं नाचत असतात आणि इकडं पंगत रिकाम्या पानावर बसून असते.

समाजमंदिर ठरवताना भाड्याचा आकडा सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा, ताबा कधी मिळणार? आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला मिळाला तरच घरची सजावट जमते. सकाळी सहाचा असेल तर तो नाद सोडा, मंडपवाल्यालाच द्या. वीज भाड्यात धरलीय की मीटरवर? मीटरवर असेल तर ताबा घेताना आणि सोडताना रीडिंगचा फोटो काढायचा. जनरेटरचं डिझेल कुणाचं? आचारी आणि डेकोरेशन बाहेरचं चालतं का? काही ठिकाणी भाडं कमी सांगतात आणि मंडपवाला त्यांचाच घ्यायला लावतात, तिथं बचत सगळी परत जाते. साफसफाई वेगळी का? वेळ उलटली तर तासाला किती? ही उत्तरं पावतीच्या मागं लिहून सही घ्या.

तारखेचं म्हणाल तर दाट तिथीला आचारी, हलगी, फुलं, गाड्या सगळंच चढतं. काढीव मुहूर्त घरात चालत असेल तर गुरुजींकडून तीन-चार तारखा काढून घ्या. मग जागा आणि आचारी दोघंही मोकळे असतील ती तारीख धरा.

मालदांडी
जेवणाचं मी लिहितो. पहिली गोष्ट, पत्रिका मोजू नका, पानं मोजा. वहीत तीन रकाने करा: सगळं घर येणार, जोडपं येणार, एकच माणूस येणार. बेरीज तिथून काढा.

आचारी दोन पद्धतीनं मिळतो. एक पानावर, म्हणजे माल त्याचा. दुसरा मजुरीवर, म्हणजे माल तुमचा. स्वस्त पडतो तो दुसरा, पण तेव्हा यादी तुमच्या हातात हवी. काही आचारी यादी सैल लिहितात, उरलेला माल कुणाचा हे आधीच बोलून घ्या.

३०० पानांसाठी बेत: पुरी, वांगी-बटाट्याची रस्सा भाजी, मसालेभात, साधा भात, येसर आमटी (येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसाल्याचं पीठ), शेंगा चटणी, काकडीची कोशिंबीर, खपलीची खीर, मठ्ठा.

तांदूळ ३० किलो, त्यात १८ मसालेभाताला आणि १२ साध्याला. तूरडाळ ६ किलो आणि येसर २ किलो. नुसतं वरण करायचं तर डाळ ९ किलो लागते, येसर आमटीला दाटपणा देतं म्हणून डाळ वाचते. कणीक ३० किलो. किलोला पस्तीसेक पुऱ्या निघतात, म्हणजे माणशी साडेतीन. वांगी २० किलो, बटाटा १५, कांदा १५, शेंगदाण्याचं कूट ३, सुकं खोबरं दीड, काळा मसाला १ किलो. तेल पंधरा किलोचे दीड डबे. एक डबा तळणीलाच जातो, कारण किलोभर कणकेची पुरी पाव किलोच्या आसपास तेल पिते आणि कढईत तळाशी पाच-सहा किलो कायम लागतं. शेंगा चटणी ४ किलो, ती आठवडाभर आधी घरी कुटून ठेवता येते. दही २० किलो, त्यात ४० लिटर पाणी घातलं की माणशी पेलाभर मठ्ठा.

खीर का सांगतोय? जिलेबीला तळणारा माणूस वेगळा, तूप-तेल वेगळं आणि तिथला गॅस वेगळा. खपली गहू ९ ते १० किलो आणि गूळ तितकाच किंवा थोडा जास्त, एवढ्यात गोड उरकतं. सडलेला (म्हणजे कांडून कोंडा काढलेला) गहू रात्री भिजत घालायचा आणि पहाटे शिजवायला चढवायचा. दाणा बोटानं चिरडेपर्यंत गूळ घालायचा नाही. घाई करून आधी घातला की दाणा आवळतो, मग कितीही आच लावा, चघळावाच लागतो. दूध पातेल्यात ओतू नका, गुळानं फाटतं. वाढताना वरून वेगळं द्या.

पुरीची कणीक एकदम मळू नका. एप्रिलच्या उकाड्यात तासाभरात सैल पडते आणि सैल कणीक दुप्पट तेल पिते. दहा-दहा किलोचे तीन घाणे करा, मळणी घट्ट ठेवा, किलोला मूठभर रवा घाला.

माणसं वाढतील या भीतीनं ३५० चं शिजवू नका. पाच किलो तांदूळ धुऊन निथळत ठेवा, बाजूला आधण उकळत असू द्या. दुसरी पंगत बसली की मोजणी करा, मगच तो भात टाका, अर्ध्या तासात होतो. आणि कोठीत ३ किलो बेसन, कांदा, लसूण बाजूला ठेवा. भाजी संपली तर वीस मिनिटांत पिठलं वाढता येतं. सोलापूरकर पिठल्याला नाक मुरडत नाही, भाजीपेक्षा जास्त उठतं.

सात_रस्ता
मालदांडी दादा, वही काढून उतरवून घेतलं. गॅसचं काय? घरातली चार सिलिंडरं चालतील का? आणि ४० अंशात मठ्ठा टिकतो का?

मालदांडी
घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर अशा कामाला वापरणं नियमात बसत नाही. शिवाय मोठ्या शेगडीला तेवढा दाब पुरत नाही, सिलिंडर गार पडून आच बसते. १९ किलोची व्यावसायिक तीन घ्या, त्यातलं एक राखीव. न फोडलेलं परत घेणार का, हे आधी विचारा.

मठ्ठ्याचं दही डेअरीतून सकाळी आठनंतर आणा. घरी लावणार असाल तर रात्री अकराला आणि विरजण नेहमीच्या निम्मं. पातेल्याला ओलं पोतं गुंडाळून सावलीत ठेवा. घुसळणं, मीठ आणि आलं-मिरचीचं वाटण पंगत बसायच्या वेळी. बर्फ घालायचा तर खाण्याचाच मागून घ्या. औद्योगिक बर्फ निळसर असावा असा नियम आहे, निळी झाक दिसली की लादी परत पाठवा. खरं तर लादी पातेल्यात टाकूच नका. मोठ्या घंगाळात बर्फ-पाणी करा आणि मठ्ठ्याची बरणी त्यात उभी करा.

पत्रावळ
पाण्याचं कुणीच बोललं नाही अजून, आणि आपल्या गावात तर तेच आधी. नळ काही दिवसांआड, त्यात एप्रिल. समाजमंदिराची टाकी त्या दिवशी भरलेली असेल यावर विसंबू नका.

३०० माणसांना पिण्याचे २० लिटरचे ३० जार, उन्हाळ्यात माणशी दोन लिटर धरावंच लागतं. वापराचं असं: स्वयंपाक आणि भाज्या धुणं हजार लिटर, हात धुणं सहाशे, संडास-बाथरूम दीड हजार. स्टीलची ताटं असतील तर ती घासायला आणखी दीड हजार. म्हणजे ५,००० लिटरचा एक टँकर जेमतेम. पत्रावळ्या घेतल्या तर तोच टँकर आरामात पुरतो. टँकर आदल्या संध्याकाळी बोलवा आणि टाकीचं तोंड कुठं आहे, पाइप किती फूट लागेल, हे त्याला आधीच सांगा. पाइप पुरत नाही म्हणून टँकर दारात उभा, असं फार होतं. पिण्याचं आणि वापराचं पाणी एका पिंपात करू नका.

प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या ताट-वाट्या, ग्लास, चमचे यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, दंड होतो. सुपारीच्या पानाच्या पत्रावळ्या घ्या, १२ इंची. ३०० पानांना ३४० आणा, दहा-बारा तडकलेल्या निघतातच. आमटीचा द्रोण खोल बघून घ्या.

ओगराळं
पत्रावळताईंचा पाण्याचा हिशोब बरोबर आहे, पण खरकट्या पत्रावळ्यांचं काय? ३०० पत्रावळ्या, द्रोण आणि उरलेलं अन्न मिळून सहज आठ-दहा पोती भरतात, आणि घंटागाडीवाला एका खेपेला एवढं घेतच असं नाही. आधी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात सांगून ठेवावं लागतं. भाड्याची स्टीलची ताटं घेतली आणि घासायला चार बाया लावल्या, तर दीडशे ताटांत दोन पंगती होतात. मी स्टीलच्याच बाजूचा. पाणी कमी असेल तिथंच पत्रावळी.

आणि बुफे करू नका. बुफेत माणूस आधी ताट भरतो, मग बघतो काय आवडतंय. पंगतीत वाढपी अर्धी पळी वाढतो आणि पुन्हा फिरतो. १५० च्या पंगतीला वाढपी दहा: दोन भाताला, दोन पुरीला, भाजी, आमटी, खीर, मठ्ठा प्रत्येकी एक, चटणी-कोशिंबीर एकाकडं, पाण्याला एक. कमी लावले तर पुरी ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्यांची संपलेली असते.

विजापूर_रोड
उकाड्यासाठी एसी हॉलच्या मागं लागू नका. आपल्याकडची हवा कोरडी, जंबो कूलर झकास चालतो, पण एका अटीवर: समोरची खिडकी उघडी हवी. "थंडावा बाहेर जाईल" म्हणून दारं लावली की दमट होतं आणि नवरा-नवरी बाशिंगासकट घामाघूम. कूलर ताशी दहा लिटरच्या आसपास पाणी पितो, तेही टँकरच्या हिशोबात धरा. सहा कूलर, सहा तास, म्हणजे साडेतीनशे-चारशे लिटर. कूलर आणि साउंड एका बोर्डावर लावू नका. मंगलाष्टकं सुरू झाली की सगळं एकदम चालू होतं आणि नेमकं तेव्हाच ट्रिप होतं. कूलरची लाइन वेगळी ओढून घ्या, आणि ते काम वायरमनचंच.

ताणाबाणा
मानपानावर लिहितो. सगळ्यात जास्त पैसे जिथं न दिसता जातात ती ही जागा.

टॉवेल-टोपी द्यायचीच असेल तर आपण टॉवेलच्याच गावात आहोत. किरकोळ दुकानातून नगावर घेऊ नका, कारखान्याच्या विक्रीतून डझनावर घ्या आणि डझन वजन करून घ्या. ३० बाय ६० इंची टॉवेल ३५० जीएसएमचा (चौरस मीटरला ३५० ग्रॅम) असेल तर एक नग साधारण ४०० ग्रॅम, डझन पावणेपाच ते पाच किलो. डझन चार किलोच भरला तर एक तर विण विरळ आहे, किंवा माप २७ बाय ५४ आहे. म्हणून तराजू आणि टेप दोन्ही लागतात. विकणारा "फुल साइज" म्हणतो, त्याला मापाचा अर्थ नाही. मग कोपऱ्यातला एक फासा नखानं हलका ओढून बघा. सरसर लांब आला तर पहिल्याच धुण्यात दोरे निघणार. गडद रंग ओल्या पांढऱ्या रुमालानं घासून बघा. रुमाल रंगला तर नको, त्या टॉवेलबरोबर पाहुण्याचं धोतर जायचं.

सरसकट टॉवेल-टोपी देण्यापेक्षा मानकऱ्यांची यादी करा: मामा, आत्याचे यजमान, सोयरे, कारभारी. पन्नास-साठच्या वर जात नाही. बाकीच्यांना टिळा आणि पानसुपारी. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी "घ्यायचं-द्यायचं बंद" हे यादी लिहितानाच तोंडानं बोललं पाहिजे. नंतर एकट्यानं बंद केलं की रुसवे सुरू.

आता सजावट. बोहल्यामागच्या पडद्याला भाड्याचं फुलांचं कापड आणू नका, सोलापुरी चादर लावा. एकेरी चादर ६० बाय ९० इंच, म्हणजे पाच बाय साडेसात फूट. तीन चादरी उभ्या लावल्या की १५ फूट रुंदी झाली. वरची सहा इंच बांबूवरून दुमडा आणि दाभणानं जाड दोऱ्याचे लांब टाके घाला. कपड्यांचे चिमटे धरत नाहीत, चादर जड असते, तासाभरात घसरते. टाचण्यांनी विण फाटते. टाके नंतर कापले की चादर कोरी ती कोरी, मानाच्या तिघांना तीच द्यायची. १५ फुटांचा बांबू मधे झोका घेतो, म्हणून टोकांना दोन आणि मधे एक असे तीन खांब. तेलाच्या रिकाम्या डब्यात खांब उभा करून ओली वाळू ठासून भरा, डबा तीसेक किलोचा होतो. त्यापेक्षा कमी वजन ठेवलंत आणि कूलर चालू केला, की पडदा नवरदेवाच्या डोक्यावर. शालूचा रंग बघून चादर निवडा. लाल शालू लाल चादरीपुढं फोटोत दिसतच नाही.

बाळीवेस
ताणाबाणा, चादरीची कल्पना भारी ओ!

झेंडू_शेवंती
फुलं: वरमाला फुलाऱ्याकडूनच घ्या, घरी तो आकार जमत नाही. तोरणं मात्र घरची. किलोभर झेंडूत १२० ते १५० फुलं येतात, दाट ओवलं तर दहा-अकरा फूट माळ होते. दर तीन फुलांमागं आंब्याचं पान घातलं की तीच माळ पंधरा फुटांवर जाते आणि दिसायलाही बरी. दार, बोहलं आणि मंडपाचे खांब मिळून १५० फूट धरा, म्हणजे पानांसकट १० किलो. आदल्या दिवशी पहाटे घाऊक बाजारातून आणा. घरी आल्याबरोबर पिशवीतून काढून ओल्या पोत्यावर एकेरी पसरा. पिशवीत किंवा ढिगात ठेवली की आतून तापतात आणि दुपारपर्यंत काळी. वरून पाणी मारू नका, देठ सडतो. पोतं ओलं ठेवा, फूल कोरडं. ओवायला नायलॉनचा दोरा, सुती दोरा वजनानं तुटतो. निशिगंध एप्रिलमध्ये रात्रभर टिकवणं घरच्यांना अवघड, नादी लागू नका.

अक्षतांचं राहिलं. ३०० माणसांना अडीच किलो ज्वारी पुरे. हळद-कुंकू कालवताना चमचाभर तेल लावा, पाणी नको. पाण्यानं रंग सुटतो आणि सगळ्यांच्या पांढऱ्या शर्टावर उमटतो. दोन दिवस सावलीत वाळवा.

सात_रस्ता
ताणाबाणा दादा, पडदा नक्की. कागदपत्रांचं कुणी सांगेल का? आणि वरात संध्याकाळी काढायची म्हणतायत.

बाळीवेस
विवाह नोंदणी १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे, लग्नापासून ९० दिवसांत. नंतरही होते, पण जास्त शुल्क पडतं. शहरात महापालिकेकडं, गावात ग्रामपंचायतीत. दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, लग्नपत्रिका, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची किंवा स्वामींची सही. ही सहीच राहते. फॉर्म आधी आणून ठेवा आणि दक्षिणा देतानाच सही घ्या, नंतर गुरुजी दुसऱ्या लग्नाला परगावी. पत्रिकेतलं नाव आधारवरच्या नावाशी जुळवा. पत्रिकेत लाडाचं नाव आणि आधारवर वेगळं, तिथं कागद अडतो.

विशेष विवाह कायद्यानं करणार असाल तर गोष्ट वेगळी. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य हवं. विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची आणि ३० दिवस थांबायचं. नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस पुन्हा. एप्रिलच्या शेवटी लग्न असेल तर फेब्रुवारी सरता नोटीस द्या.

वरात काढा, पण रात्री दहाला लाउडस्पीकर बंद म्हणजे बंद. डीजेपेक्षा हलगीवाले घ्या, पैसे वाचतात. फक्त सुपारी देताना परण्या आणि वरात दोन्ही एकाच बोलीत का, ते ठरवा. परण्या मारुतीहून अकराच्या आत परत आला पाहिजे. तो तासभर लांबला की पुऱ्यांची कणीक सैल, मठ्ठा आंबट आणि समाजमंदिराचा जादा तास, तिन्ही एकदम.

सात_रस्ता
शेवटचा प्रश्न. माल आपला, आचारी मजुरीवर. मग कोठीवर कुणाला बसवायचं? घरात सगळे मामाचं नाव घेतायत, हिशोबाला पक्का आहे.

ओगराळं
मामा सोडून कुणीही. मुलीला बोहल्यावर आणायला मामाच लागतो, आणि नेमक्या त्या अर्ध्या तासात आचाऱ्याचा माणूस तेलाचा नवा डबा मागायला येतो. शेजारचे निवृत्त काका, साडूचे भाऊ, असं फोटोला कुणी हाक मारणार नाही ते माणूस बघा. त्याच्याकडं किल्ली, वही आणि पन्नास किलोचा काटा. माल वजनानं द्यायचा: तेल निम्मा-निम्मा डबा, साखर-गूळ मोजून, काजू-वेलची आचारी भांड्यासमोर उभा राहिल्यावरच. भाड्याची भांडी आली की त्याच वहीत नगावर उतरवायची: पातेली, झाकणं, झारे, ओगराळी, वाढायच्या बादल्या. परत देताना नेहमी झाकणं आणि ओगराळीच कमी भरतात, आणि अनामत त्यातूनच कापली जाते. ओगराळ्यांच्या दांड्याला लाल दोरा बांधा. समाजमंदिराची आणि भाड्याची एकत्र झाली तरी वेगळी काढता येतात.